नामाऐवजी वाक्य

आमच्या घरी चिंगी नावाचे बीगल आहे. तिला आणले तेव्हा ती दोन महिन्यांची होती आणि पिल्ले विकणाऱ्याने दिलेल्या कागदावर 'मादी' असे स्वच्छ अक्षरांत लिहिलेले होते. आठव्या महिन्याच्या सुमारास ती सारखी मागचा भाग चाटू लागली, बसताना अवघडू लागली. तिथे करंगळीच्या पेराएवढे काहीतरी बाहेर आलेले दिसत होते. पशुवैद्यांनी तपासले, एक्स-रे काढला आणि त्या काळ्या-पांढऱ्या चित्रावर पेन्सिलीचे टोक ठेवून दाखवले : त्या उंचवट्यात एक बारीकसे हाड होते. कुत्र्यांमध्ये नराच्या शिश्नात हाड असते. मादीच्या शिश्निकेत ते सहसा नसते. पुढे सोनोग्राफी, शस्त्रक्रिया, प्रयोगशाळेचे अहवाल असे सगळे रीतसर झाले. गुणसूत्रे मादीची निघाली, दोन्ही एक्स. पोटात गर्भाशय होते. आणि अंडाशयांच्या जागी ज्या ग्रंथी होत्या, त्यांच्यात अंडाशयाची ऊती होती, तशीच वृषणाचीही होती.

दवाखान्यातल्या मुलाने संगणकावर बोट ठेवून विचारले, "सर, मग काय ठेवू? मेल की फीमेल?" संगणकाला दोनच उत्तरे ठाऊक होती. डॉक्टर म्हणाले, "थांब जरा." तो रकाना मी निघेपर्यंत तसाच लुकलुकत होता.

पिल्ले विकणाऱ्याला मी फोन केला. तक्रार करायची नव्हती. त्याच मादीची आणखी पिल्ले तो विकणार असेल तर त्याला माहीत असावे, एवढाच हेतू होता. तो चटकन म्हणाला, "पीस डिफेक्टिव्ह निघाला का? आणा, बदलून देतो." काठ फाटलेली साडी बदलून द्यावी तसा सूर. परत दिलेल्या 'पीस'चे तो काय करतो, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

मी मराठीचा शिक्षक. काही महिन्यांनी डॉक्टरांनी मला एक काम सांगितले : अशी कुत्री ज्यांच्या घरी असतात त्यांना देण्यासाठी चार पानी पत्रक मराठीत लिहून द्यायचे. इंग्रजी मजकूर तयार होता, "फक्त भाषांतर" करायचे होते. त्या चार पानांना तीन महिने लागले. का लागले, ते सांगण्यासाठी हा लेख आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना कुत्र्यांच्या जननग्रंथींशी काय कर्तव्य, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. पण ज्या प्रश्नावर माझे तीन महिने गेले तो पशुवैद्यकाचा नव्हताच. एखाद्या प्राण्याचे वर्णन नामाने करायचे की वाक्याने, असा तो होता, आणि तो आपल्या हद्दीतला आहे.

सुरुवात व्याकरणापासून करू. वर मी "चिंगी नावाचे बीगल आहे" असे लिहून पुढच्याच वाक्यात "तिला" म्हटले. मराठी वाचकाला तिथे ठेच लागली नसावी. कुत्रा, कुत्री आणि कुत्रे अशी तीन रूपे आपण लहानपणापासून वापरतो आणि बोलण्यात 'कुत्रं' असे नपुंसकलिंगी रूप सर्रास येते. "रस्त्यावरची कुत्री रात्रभर भुंकत होती" या वाक्यातली 'कुत्री' म्हणजे अनेक माद्या नव्हेत. ते नपुसंकलिंगी अनेकवचन आहे आणि ते स्त्रीलिंगी एकवचनासारखेच दिसते. मांजराचे तर मूळ नावच नपुंसकलिंगी, बोका आणि भाटी हे विशेष प्रसंगी काढायचे शब्द. प्राण्यांच्या पिल्लांकडे पाहावे : करडू, कोकरू, वासरू, शिंगरू, रेडकू, पिल्लू. माणसाचे लेकरू आणि मूलही याच रांगेत. कोकणीत वयात न आलेल्या मुलीलाही 'चेडूं' म्हणतात, तेही नपुंसकलिंगी. हिंदीने हे तिसरे लिंग टाकून दिले. मराठी, कोकणी आणि गुजराती यांनी ते सांभाळले.

या तिसऱ्या लिंगाचे काम काय? दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत सगळ्यांना लिंगविचाराने पुष्कळ पाने खर्ची घालायला लावली आहेत. मला इथे एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. 'ते कुत्रं' म्हणणारा माणूस त्या प्राण्याला नर-मादीच्या मधले काही समजत नसतो. त्याने तो प्रश्न विचारलेलाच नसतो. आपले नपुंसकलिंग हे बहुतेक वेळा न विचारलेल्या प्रश्नाचे लिंग आहे. त्यात कधी माया असते ("बिचारं भिजलंय"), कधी तुच्छताही असते ("ते येडं कुठं गेलं?"), पण निदान नसते. उलट 'नपुंसक' हा शब्द व्याकरणाच्या पुस्तकातून बाहेर पडून माणसाला किंवा जनावराला चिकटला, की तो निदान होतो आणि शिवीही होतो. एकच शब्द, पुस्तकात निरुपद्रवी, अंगावर विषारी. त्याची घडणही पाहा : 'पुमान नव्हे तो'. म्हणजे जे सांगायचे ते नराच्या अभावानेच सांगायचे.

व्याकरणातले लिंग आणि देहाचे लिंग यांची गल्लत करू नये, हे आपल्याकडे फार जुन्या काळी कळलेले होते. पाणिनीच्या 'स्त्रियाम्' या सूत्रावर लिहिताना पतंजलीने आधी लोकांची व्याख्या पुढे ठेवली : स्तन आणि केस यांवरून स्त्री, अंगावरच्या लवीवरून पुरुष आणि यांपैकी काही नसेल ते नपुंसक. मग त्याने ती मोडून दाखवली. ही व्याख्या मानली तर स्त्रीवेष घेणाऱ्या नटालाही स्त्रीप्रत्यय लावावा लागेल, आणि खाटेला व झाडाला तर यांतले काहीच नाही, तरी एक स्त्रीलिंगी आहे व दुसरे पुल्लिंगी. शेवटी तो येतो तो लोकव्यवहारावर : शब्दाचे लिंग लोक ठरवतात, शास्त्राने ते शिकवायचे कारण नाही. पतंजलीची ती चर्चा वाचताना मला नेहमी वाटते की त्याने लौकिक व्याख्या व्याकरणापुरती मोडली. देहालाही ती पुरत नाही, हे कळायला पुढची दोन हजार वर्षे गेली.

ते कसे कळले, हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण भाषेचा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रे असतात; त्यांपैकी दोन लिंगाची, मादीत एक्सएक्स आणि नरात एक्सवाय. पण गर्भ सुरुवातीला दोन्ही वाटांनी जाऊ शकेल असाच असतो. त्याच्या जननग्रंथी कोऱ्या असतात. त्यांच्या जवळून दोन जोड नलिका जातात : एका जोडीतून पुढे गर्भाशय होऊ शकते, दुसरीतून वीर्यवाहिन्या. पहिलीला म्युलरचे नाव आहे, दुसरीला वोल्फचे. १९४७ साली अल्फ्रेड जोस्त या फ्रेंच शास्त्रज्ञाने सशाच्या मादीच्या पोटातल्या गर्भांच्या जननग्रंथी काढून टाकल्या आणि ते गर्भ पुढे वाढू दिले. गुणसूत्रे नराची असोत की मादीची, त्या सगळ्यांची अंतर्गत घडण मादीसारखी झाली. याचा अर्थ असा की नराचा देह घडायला वृषणाकडून दोन निरोप यावे लागतात. एक निरोप म्युलरच्या नलिकेला सांगतो, 'तू विरून जा'. दुसरा वोल्फच्या नलिकेला सांगतो, 'तू राहा'. आणि ग्रंथीचे वृषण व्हावे हे कोण ठरवते? १९९० मध्ये वाय गुणसूत्रावरचे एसआरवाय हे जनुक सापडले. ते सॉक्स-९ या दुसऱ्या जनुकाला जागे करते आणि पुढची साखळी सुरू होते.

म्हणजे ज्याला आपण 'नर' किंवा 'मादी' असे एका दमात म्हणतो, ती निदान तीन मजल्यांची गोष्ट आहे : गुणसूत्रे, ग्रंथी आणि अवयव. बहुतेक वेळा तिन्ही मजले एकमेकांशी जुळतात, म्हणून आपल्याला जिने दिसत नाहीत. चिंगीच्या बाबतीत पहिल्या मजल्यावर मादी होती, दुसऱ्यावर दोघांचा शेजार होता आणि तिसऱ्यावर गर्भाशयाबरोबर ते हाड.

(अनेकांनी मला विचारले की बरोबरच्या भावांमुळे असे झाले का? गाईच्या जुळ्यांत तसे होते खरे : नर आणि मादी वासरू एकत्र वाढताना त्यांचे रक्त एकमेकांत मिसळते आणि मादी वांझ निपजते, जॉन हंटरने १७७९ मध्ये यावर निबंध वाचला होता. कुत्रीच्या पोटात सहा-सात पिल्ले असली तरी सहसा प्रत्येकाची वार स्वतंत्र असते. बिचाऱ्या भावांचा संबंध नाही.)

आता या प्राण्यांना आजवर काय म्हटले गेले ते पाहू. युरोपीय भाषांनी शब्द घेतला तो पुराणातून. हर्मीस आणि ॲफ्रोडाइटी यांचा मुलगा हर्मॅफ्रोडिटस. ओव्हिडने त्याची कथा सांगितली आहे. सल्मासिस नावाची जलदेवी त्याला मिठी मारते, कधीच वेगळे होऊ नये असे देवांकडे मागते आणि दोघांचा एक देह होतो. कथा म्हणून ती विलक्षण आहे. निदान म्हणून ती फसवी आहे, कारण तीत दोन पूर्ण व्यक्ती एकत्र येतात. प्रत्यक्षात एकच गर्भ असतो आणि त्याच्या वाटा मध्येच वळतात. १८७६ मध्ये एडविन क्लेब्ज या विकृतिशास्त्रज्ञाने या नावाची वर्गवारी केली. ज्याच्या ग्रंथींत दोन्ही ऊती असतील तो 'खरा' हर्मॅफ्रोडाइट. ज्याच्या ग्रंथी एका लिंगाच्या आणि देहाची घडण दुसऱ्यासारखी तो 'खोटा', स्यूडो. वृषणे असतील तर नर-खोटा, अंडाशय असेल तर मादी-खोटा.

समीक्षेच्या वर्गात बसलेल्या कुणालाही इथे थबकायला हवे. खोटा म्हणजे काय? देह काही दावा करीत नाही. लपाछपीही करीत नाही. जे नाव आपण त्याच्यावर टाकले त्या नावाला तो पुरेसा उतरत नाही, म्हणून आपण त्याला खोटा म्हणायचे! नाव आधी, प्राणी नंतर. आणि दोघांचे जुळले नाही तर लबाडी प्राण्याची. माणसांच्या बाबतीत या शब्दांनी किती आयुष्ये पोळली, ते ती आयुष्ये जगलेल्यांनीच सांगितले आहे. पशुवैद्यकाने तेच शब्द तसेच उचलले आणि शंभराहून अधिक वर्षे कुत्री, मांजरे, बकऱ्या यांच्या केसपेपरांवर लिहिले.

२००५ मध्ये शिकागोला बालरोगातील संप्रेरकतज्ज्ञांची बैठक झाली आणि २००६ मध्ये तिचे निवेदन प्रसिद्ध झाले. जुनी नावे टाकून द्यावीत आणि 'लिंगविकासातील डिसऑर्डर' असे म्हणावे, असे त्यात ठरले. आधी गुणसूत्रे सांगावीत, मग ग्रंथी, मग बाकीचे. पशुवैद्यकाने पुढच्या काही वर्षांत हीच पद्धत घेतली. या बदलाकडे बहुधा सभ्यतेचा बदल म्हणून पाहिले जाते : कठोर शब्द गेले, मवाळ आले. मला हे वाचन अपुरे वाटते. मवाळपणा तर त्यात फारसा नाहीच. 'डिसऑर्डर' या शब्दावर मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी तेव्हापासून आक्षेप घेतला आहे आणि अनेक जण त्याजागी 'डिफरन्स' म्हणतात. खरा बदल व्याकरणाचा होता. 'हे अमुक आहे' याच्या जागी 'याच्यात अमुक असे घडले' आले. नाम गेले, वाक्य आले.

वाक्याने काय साधते, ते दोन जातींच्या कुत्र्यांवरून स्पष्ट होईल.

पहिले अमेरिकन कॉकर स्पॅनियल. या जातीत एक्सएक्स गुणसूत्रांच्या काही पिल्लांत वृषणाची ऊती तयार होते. वाय नाही, एसआरवाय तपासून पाहिले तर तेही नाही, आणि तरी वृषण. निरोप्या न येता निरोप पोचला, असा हा प्रकार. अमेरिकेतल्या विद्यापीठांत अशा कुत्र्यांची पैदास पिढ्यान्‌पिढ्या करून त्यांचा अभ्यास झाला. ते दोन्ही आईबापांकडून आल्यावरच प्रकट होणारे वैशिष्ट्य आहे, हे त्यातून कळले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नवव्या गुणसूत्रावर, सॉक्स-९ च्या शेजारी, एक जादा तुकडा घुसलेला आढळला. हेच चित्र, तपशिलाच्या फरकाने, अनेक जातींत नोंदले गेले आहे. बीगल त्यांतली एक. या कॉकर स्पॅनियलांपैकी काही अशाही निघाल्या की ज्यांच्या ग्रंथींत दोन्ही ऊती असूनही त्यांना पिल्ले झाली. क्लेब्जच्या हिशेबाने त्या 'खऱ्या' हर्मॅफ्रोडाइट. पिल्लांच्या हिशेबाने त्या आया. एकाच नामात हे दोन्ही बसवायचे कसे?

दुसरे मिनिएचर श्नाउझर. इथे उलटे आहे. गुणसूत्रे एक्सवाय, ग्रंथी वृषण, बाहेरून पूर्ण नर. कुणालाही शंका येणार नाही असा. पण म्युलरच्या नलिकेने 'विरून जा' हा निरोप ऐकलेलाच नसतो. निरोप पाठवला जातो. तो घेणारा कानच घडलेला नसतो. त्या कानाच्या जनुकात एका अक्षराचा बदल झालेला असतो आणि त्या एका अक्षराने वाक्याच्या मध्येच पूर्णविराम पडतो. (ही उपमा माझी नाही, जनुकशास्त्रात त्या जागेला 'थांबा'चाच संकेत म्हणतात. २००९ मध्ये हा बदल नेमका शोधला गेला आणि आता त्यासाठी चाचणी आहे.) परिणाम असा की या नराच्या पोटात गर्भाशय असते. साधारण निम्म्या कुत्र्यांत एक किंवा दोन्ही वृषणे खाली उतरत नाहीत, पोटातच अडकतात, आणि अडकलेल्या वृषणात पुढे गाठ होण्याचा धोका बराच वाढतो. गर्भाशयात पू होऊ शकतो. अशा वेळी कुत्रे खाणे सोडते, ताप येतो, पोट फुगते. आणि तो 'नर' आहे हे कागदावर लिहिलेले असल्यामुळे गर्भाशयाचा विचार कुणाच्या मनातच येत नाही.

इथे नाव आणि वाक्य यांतला फरक शैलीचा उरत नाही. 'नर' या नामाने ते कुत्रे मरू शकते. 'एक्सवाय, वृषणे आहेत, गर्भाशयही आहे' या वाक्याने ते वाचते : गर्भाशय आणि वृषणे काढून टाकली की ते इतर कुत्र्यांसारखेच जगते. आणि ज्यांची वृषणे खाली उतरलेली असतात अशांना पिल्लेही होऊ शकतात, म्हणून पैदाशीआधी ते वाक्य माहीत असणे पुढच्या पिढीसाठीही गरजेचे.

तर हे वाक्य मराठीत आणायचे होते. माझी पहिली धाव, आपल्या सगळ्यांची असते तशी, प्रतिशब्दाकडे गेली. परिभाषा घडवण्याची आपल्याकडे मोठी आणि आदरणीय परंपरा आहे. पण तिने आपल्याला एक खोड लावली आहे. इंग्रजीत एक पद दिसले की मराठीत एक पद शोधायचे, आणि सापडले की काम झाले असे समजायचे. मी रांगेने शब्द तपासले. 'उभयलिंगी' हा शाळेतला शब्द. गांडूळ उभयलिंगी, जास्वंदीचे फूल उभयलिंगी. तिथे तो अचूक आहे, कारण गांडुळाची ती नित्याची व्यवस्था आहे आणि दोन्ही बाजू काम करतात. कुत्र्यात तसे कधीच नसते. शिवाय माणसांच्या संदर्भात हाच शब्द आता आकर्षणाविषयी वापरला जातो, तो घोळ वेगळा. 'षंढ' आणि त्याचे नातलग यांच्याविषयी बोलायलाच नको.

'विकृती' हा शब्द शास्त्रीय लेखनात रुळलेला आहे. विकृतिशास्त्र म्हणतोच आपण, मीही वर म्हटले. पण 'लिंग' आणि 'विकृती' हे दोन शब्द मराठीत शेजारी ठेवून पाहा : वाचक थेट वर्तमानपत्राच्या गुन्हेगारीच्या पानावर पोचतो. एका पिल्लाच्या शिश्निकेत हाड आहे, एवढ्यासाठी त्याला त्या पानावर नेऊन बसवायचे?

'दोष' सौम्य वाटला होता. 'जन्मदोष' म्हणून पहिला मसुदा लिहिलाही. पण मराठीत दोष असतो तिथे दोषी शोधला जातो. पत्रक वाचायला दिलेल्या एका गृहस्थांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दोष कुणाचा म्हणायचा, बापाचा की आईचा?" तेव्हा मला महाभारताच्या आदिपर्वातली सरमा आठवली. जनमेजयाच्या सत्रात तिचे पिल्लू येते. ते हविर्द्रव्याला तोंड लावत नाही, तिकडे पाहतही नाही, आणि तरी राजाचे भाऊ त्याला मारतात. देवांची ती कुत्री यज्ञमंडपात येऊन एवढेच विचारते की याचा अपराध काय होता. तिला कुणी उत्तर देत नाही. मी मसुद्यातला 'दोष' सगळीकडून काढला.

राहिला 'विकार'. या शब्दाशी माझे जुने सख्य आहे, कारण व्याकरणात तो निर्मळ आहे. लिंग, वचन, विभक्ती यांप्रमाणे ज्याचे रूप बदलते तो विकारी शब्द. म्हणजे विकार हा केवळ बदल. मला वाटले, सापडला! पण डॉक्टरांनी मान हलवली. हृदयविकार, मनोविकार ऐकणारा माणूस व्याकरण आठवत नाही, तो आजार ऐकतो.

मग मी 'फरक' सुचवला. "लिंगविकासातील फरक". यावर आमचा खराखुरा वाद झाला, आणि मला तो नोंदवावासा वाटतो, कारण डॉक्टरांची बाजू माझ्या बाजूइतकीच वजनदार होती. ते म्हणाले, "तुमचा शब्द फार सज्जन आहे. फरक आहे म्हटल्यावर मालक म्हणेल, असू दे फरक, आमचे तिच्यावर प्रेम आहे. आणि दोन वर्षांनी पू झालेले गर्भाशय घेऊन रात्री अकराला माझ्या दारात येईल." माणसांच्या जगात 'डिसऑर्डर'ला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा असा की पुष्कळदा शरीराला काही झालेले नसताना, बोलताही न येणाऱ्या मुलांवर, केवळ दिसण्यासाठी शस्त्रक्रिया केल्या गेल्या, तमिळनाडूने २०१९ मध्ये अर्भकांवरच्या अशा शस्त्रक्रियांना मनाई केली ती याच कारणाने. तो मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पण तो कुत्र्याला जसाच्या तसा लावता येत नाही. कुत्रे पुढे मोठे होऊन स्वतःविषयी काही सांगणार नाही. त्याला ओळखीचा प्रश्न नाही. त्याला दुखते किंवा दुखत नाही. त्याच्यासाठी शब्द निवडताना आपण आपली उदारता मिरवायची आणि त्याच्या पोटातल्या गर्भाशयाकडे दुर्लक्ष करायचे, हाही एक प्रकारचा निर्दयपणाच.

यावर माझे उत्तर असे होते, आणि आजही आहे, की एकाच शब्दाकडून दोन कामे करून घेण्याचा हट्ट सोडावा. गर्भात जे घडले तो फरक. त्यातून पुढे जे उद्भवू शकते, पू, गाठ, सततची चाटाचाट आणि जखम, ते विकार. पहिल्याला कुणी दोषी नाही आणि त्याच्यावर उपचारही नाही. दुसऱ्यावर उपचार आहे आणि तो वेळेत करायला हवा. पत्रकाचे मथळ्याचे वाक्य शेवटी असे झाले : "तुमच्या कुत्र्याच्या लिंगविकासात फरक आढळला आहे. त्यातून विकार होऊ नयेत म्हणून काय करावे?" लांब आहे. डॉक्टरांना अजूनही लांब वाटते. पण त्यात 'कुत्र्याच्या' हे सामान्यरूप आहे आणि ते कुत्रा व कुत्रे या दोघांचेही तेच होते, याचा मला झालेला आनंद त्यांना समजावून सांगता आला नाही.

आत मात्र वाक्येच वाक्ये आहेत. तीन ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत : गुणसूत्रे, ग्रंथी, अवयव. प्रत्येक ओळीपुढे डॉक्टरांनी हाताने लिहायचे. चिंगीच्या प्रतीवर त्यांनी लिहिले आहे : ७८, एक्सएक्स, एसआरवाय नाही, दोन्ही बाजूंच्या ग्रंथींत अंडाशयाची व वृषणाची ऊती, काढल्या, गर्भाशय होते, काढले, शिश्निकेत हाड, जखम होत असल्याने काढले. त्याखाली, छापील मजकुरात नसलेले एक वाक्य : "भूक चांगली आहे."

असो. पत्रक अजून छापून आलेले नाही. नपुंसकलिंग मी मुद्दाम सगळीकडे ठेवले होते : ते चाटत असेल तर, त्याला ताप असेल तर, ते खात नसेल तर. अक्षरजुळणी करणाऱ्याने ते चुकीचे समजून पहिल्या दोन पानांवर 'ती' आणि उरलेल्या दोन पानांवर 'तो' करून ठेवले आहे. काल रात्री मी दुसरे प्रूफ घेऊन बसलो होतो. चिंगी टेबलाखाली माझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपली होती, आणि मी लाल शाईने एकेक 'ते' परत लिहीत होतो. बावीस झाले, अजून दीड पान बाकी आहे.